मापात पाप : फुकटची गाणी आणि माणसांचे हक्क

कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच एका कठोर इशाऱ्याने होतो. जे लोक दुसऱ्याकडून मोजून घेताना माप काठोकाठ भरून घेतात आणि दुसऱ्याला मोजून वा तोलून देताना मात्र कमी देतात, त्यांच्यासाठी विनाश आहे, असा त्या आयतींचा आशय आहे. ही सूरह वाचताना आपल्या डोळ्यांसमोर धान्याचा व्यापारी, त्याची पायली आणि त्याचा तराजू उभा राहतो. आपण धान्य विकत नाही, तेव्हा हा इशारा आपल्यासाठी नसावा, असे मनाला वाटून जाते. परंतु इमाम मालिक (रह.) यांनी ‘मुवत्ता’मध्ये नमाजच्या संदर्भात नमूद केले आहे की, माप पूर्ण देणे आणि कमी देणे हे प्रत्येक गोष्टीत असते. मराठीत ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात, ते केवळ बाजारपेठेत घडत नाही.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असा एक बाजार आहे, जेथे विकल्या जाणाऱ्या वस्तूला वजन नाही, आकार नाही आणि एकाची हजार करायला क्षणही लागत नाही. गाणे, नात, कव्वाली, किरअत, व्याख्यान, चित्रपट, पुस्तक, संगणकाची प्रणाली हे सारे आता एका बोटाच्या स्पर्शाने नकलून घेता येते. आपली मुले ते घेतात, आपणही घेतो. त्याचा मोबदला कुणाला देणे लागतो का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ज्या धर्मात रस्त्यात पडलेल्या वस्तूचेही नियम आहेत, त्या धर्माच्या अनुयायांनी हा प्रश्न टाळून चालणार नाही.

या प्रश्नावर जगात सर्वांत मोठा वाद झाला तो अमेरिकेत, संगीताचे चाहते आणि संगीत उद्योग यांच्यात. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद केले, तेच आज आपल्या घरांतून ऐकू येतात. म्हणून प्रथम तो वाद समजून घेऊ आणि मग शरीअतच्या मापाने तो मोजून पाहू.

वादाची पार्श्वभूमी

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ध्वनी साठविण्याची ‘एमपी३’ ही पद्धत विकसित केली. कानाला सहसा न जाणवणारा ध्वनीचा भाग वगळून ही पद्धत गाण्याचा आकार सुमारे एक दशांशावर आणते. त्यामुळे मंद गतीच्या इंटरनेटवरूनही गाणे पाठविणे शक्य झाले. जून १९९९ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकलेल्या शॉन फॅनिंग नावाच्या १८ वर्षांच्या तरुणाने ‘नॅपस्टर’ ही प्रणाली लोकांसमोर आणली. गाणी लोकांच्या स्वतःच्या संगणकांवरच राहत. नॅपस्टरकडे असे ती फक्त कोणते गाणे कुणाकडे आहे याची सूची. ती पाहून एक चाहता दुसऱ्याच्या संगणकावरून गाणे थेट उतरवून घेई. दोन वर्षांच्या आत तिच्या वापरकर्त्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे गेली.

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा लावला. एप्रिल २००० मध्ये ‘मेटॅलिका’ या प्रसिद्ध वाद्यवृंदानेही दावा लावला. त्यांचे एक गाणे अजून पूर्णही झाले नव्हते, तोच त्याचा कच्चा नमुना नॅपस्टरवर फिरू लागला आणि आकाशवाणी केंद्रांवरून वाजू लागला होता. पुढच्याच महिन्यात या वाद्यवृंदाने आपली गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी नॅपस्टरच्या कार्यालयात नेऊन दिली. ज्यांनी वर्षानुवर्षे या गायकांवर प्रेम केले, तेच चाहते संतापले. काहींनी त्यांच्या सीडी भर रस्त्यात फोडल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाचा निकाल नॅपस्टरच्या विरोधात गेला आणि जुलैमध्ये ती सेवा बंद पडली. परंतु वाद मिटला नाही. मध्यवर्ती सूचीची गरज नसलेल्या नव्या प्रणाली पुढे आल्या आणि चाहते तिकडे वळले.

चाहत्यांचे म्हणणे

चाहत्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मी तुमच्या दुकानातून सीडी उचलली, तर तुमच्याकडची एक सीडी कमी होते. पण मी गाण्याची नक्कल केली, तर तुमचे गाणे तुमच्याजवळ जसेच्या तसे राहते. मग ही चोरी कशी? शिवाय मी ते गाणे विकत घेतलेच नसते, तेव्हा तुमचा तोटा कोणता? उलट फुकट ऐकून गायक आवडला, तर मी त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढीन. आणि सीडीसाठी मी जे पैसे मोजतो, त्यांतले गायकाला मिळतात तरी किती?

हा शेवटचा प्रश्न पोकळ नव्हता. जुलै २००० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ‘बर्ड्झ’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचे रॉजर मॅग्विन यांनी साक्ष दिली. त्यांच्या गाण्यांनी जग गाजविले होते. तरीही करारापोटी मिळालेल्या माफक आगाऊ रकमेपलीकडे बहुतेक ध्वनिमुद्रिकांचे मानधन आपल्या हाती आलेच नाही, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी गायिका कोर्टनी लव्ह यांनी एका जाहीर भाषणात हिशेब मांडून दाखविला की, दहा लाख प्रती खपलेल्या वाद्यवृंदाच्या हातीही सारे खर्च वळते झाल्यावर शून्य उरू शकते. खरी लूट कोण करते, हा त्यांचा सवाल होता.

हे ‘चोरी’ आहे काय?

येथे आपल्या फुकहांची (धर्मशास्त्रज्ञांची) शिस्त उपयोगी पडते. त्यांनी ‘चोरी’ हा शब्द कधीही सैलपणे वापरला नाही. सरिका, म्हणजे हद्दच्या शिक्षेस पात्र ठरणारी चोरी, सिद्ध होण्यासाठी त्यांनी अनेक अटी घातल्या : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असावी, ठरावीक किमतीची असावी, सुरक्षित जागेतून काढलेली असावी आणि लपून घेतलेली असावी. थोडीही शंका असेल तर हद्द लागू होत नाही. या व्याख्येत गाण्याची नक्कल बसविणे कठीण आहे. तेव्हा ‘ही दुकानातल्या चोरीसारखी चोरी नव्हे’ हे चाहत्यांचे म्हणणे आपण मान्य करू शकतो.

परंतु येथे थांबणे म्हणजे अर्धेच माप घेणे होय. तिर्मिजीमध्ये आलेल्या एका हदीसचा आशय असा की, अमानतीत खयानत करणारा, उघड लुटणारा आणि हिसकावून पळणारा यांना हात तोडण्याची शिक्षा नाही. म्हणून खयानत आणि लूट हलाल झाली, असा निष्कर्ष एकाही इमामाने काढला नाही. एखाद्या कृत्याला चोरी हे नाव लागत नाही, एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही.

याहूनही जवळचे उदाहरण फिकहच्या ग्रंथांत आहे. एक माणूस परगावी गेला. त्याच्या परवानगीशिवाय दुसरा कुणी त्याच्या घरात महिनाभर राहिला आणि तो परतण्यापूर्वी घर झाडून-पुसून निघून गेला. मालकाच्या घराची एक वीटही कमी झाली नाही. मग याने घेतले काय? इमाम शाफई (रह.) आणि इमाम अहमद (रह.) यांच्या अनुयायांचे उत्तर असे की, त्याने घराचा ‘मनफअत’, म्हणजे उपभोग, घेतला आणि त्याचे भाडे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हनफी विद्वान उपभोगाला वस्तूसारखा ‘माल’ मानत नव्हते, म्हणून त्यांनी सरसकट भरपाई सांगितली नाही. तथापि विनासंमती राहणे गुनाहच मानले. पुढे लोकांचा बेफिकीरपणा पाहून नंतरच्या हनफी विद्वानांनी तीन बाबतींत भरपाईही आवश्यक ठरविली : वक्फची मालमत्ता, अनाथाची मालमत्ता आणि मालकाने उत्पन्नासाठीच राखून ठेवलेली मालमत्ता.

हा तिसरा प्रकार लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याने गीत लिहिले, ज्याने चाल बांधली, ज्याने गायिले आणि ज्याने ध्वनिमुद्रणाचा खर्च केला, त्यांनी ते उत्पन्नासाठीच राखून ठेवलेले असते. त्यांच्या संमतीवाचून त्याचा उपभोग घेणारा, भाडे न देता दुसऱ्याच्या घरात राहून गेलेल्या माणसासारखा आहे. वीट जागेवर आहे. भाडे मात्र बुडाले आहे.

विद्वानांचे दोन मतप्रवाह

प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, बौद्धिक निर्मितीच्या हक्काविषयी विद्वानांमध्ये एकमत नव्हते. आपल्या उपखंडातील काही थोर उलमांनी हा हक्क मान्य केला नाही, मौलाना मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) हे त्यांपैकी होत. त्यांची मुख्य भूमिका अशी की, ज्याने पुस्तक विकत घेतले तो त्या प्रतीचा पूर्ण मालक झाला, त्याला ती नकलून घेण्यापासून रोखणे योग्य नाही. आणि धार्मिक ज्ञान तर जितके पसरेल तितके चांगले. त्यांचेच सुपुत्र मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी मात्र या प्रश्नाचा नव्याने अभ्यास करून हा हक्क शरीअतला मान्य असल्याचे मत मांडले. ज्या गोष्टीपर्यंत आधी कुणी पोहोचले नाही, तेथे प्रथम पोहोचणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतो, या आशयाची अबू दाऊदमधील हदीस या मताच्या आधारांपैकी एक आहे. पित्याविषयीचा पूर्ण आदर राखून पुत्राने वेगळा निष्कर्ष काढावा, हे आपल्या ज्ञानपरंपरेचे भूषणच आहे.

डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या पाचव्या अधिवेशनात जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध हे त्यांच्या धन्यांचे हक्क आहेत. आजच्या उर्फनुसार (रूढ व्यवहारानुसार) त्यांना आर्थिक मूल्य आहे. शरीअत त्यांचे रक्षण करते आणि त्यांचे उल्लंघन करणे जायज नाही, असा त्या ठरावाचा सारांश आहे. आज बहुसंख्य विद्वान याच मताचे आहेत.

हे मत पूर्वपरंपरेला परके आहे, असेही नाही. छापखाना नव्हता तेव्हाही हदीसचा विद्यार्थी उस्तादाची ‘इजाजत’ (परवानगी) घेऊनच त्यांचा ग्रंथ पुढे शिकवीत असे. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपविणाऱ्यांविरुद्ध इमाम सुयूती (रह.) यांनी लेखक आणि चोर यांच्यातील फरक सांगणारी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. निर्मिती ही निर्मात्याशी जोडलेली असते, ही जाणीव जुनीच आहे.

सबबी आणि त्यांची तपासणी

१. “कुणाचा तोटा झाला?” अर्थतज्ज्ञांमध्ये याविषयी खरोखर मतभेद आहेत. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, फुकट नकलांचा विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य होता. स्टॅन लिबोविट्झ यांच्यासारख्या तज्ज्ञांनी तो निष्कर्ष अमान्य केला. परंतु शरीअतची पहिली कसोटी तोट्याची नाही, संमतीची आहे. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती खोट्या मार्गाने खाण्यास मनाई करून परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा सारही हाच की, कुणाचीही संपत्ती त्याच्या मनःपूर्वक संमतीविना दुसऱ्याला हलाल नाही.

संमती असेल तर फुकट घेण्यात काहीच गैर नाही. ‘ग्रेटफुल डेड’ हा अमेरिकी वाद्यवृंद आपल्या मैफली चाहत्यांना मुद्रित करू देई आणि त्या फिती आपसांत वाटू देई. ‘रेडिओहेड’ने ऑक्टोबर २००७ मध्ये आपली नवी ध्वनिमुद्रिका इंटरनेटवर ठेवून किंमत ऐकणाऱ्यावर सोपविली, कुणी काहीच न देताही ती घेऊ शकत होता. नक्कल सर्वत्र तीच असते. तिला हलाल किंवा हराम ठरविते ती धन्याची इच्छा.

२. “कंपन्याच लुटारू आहेत.” असतीलही. परंतु सूरह माइदाच्या ८ व्या आयतीचा आदेश असा आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या रागाने तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये. न्याय करा, तोच तकव्याच्या अधिक जवळ आहे. शिवाय कंपनीने गायकाचे मानधन बुडविले म्हणून मीही ते बुडविले, तर त्या गायकाला न्याय मिळाला कसा? त्याला दोघांनी मिळून बुडविले, एवढेच.

३. “सगळेच करतात.” उर्फला फिकहमध्ये मोठे स्थान आहे, परंतु स्पष्ट आदेशाच्या विरुद्ध जाणारी रूढी प्रमाण मानली जात नाही. मदीनेतील बाजारात मापे कमी भरण्याची रीत होती, असे तफसीरकार सांगतात. त्या रीतीला सूट मिळाली नाही. उलट तिच्यासंबंधी सूरह उतरली.

४. “ज्ञान लपवू नये.” धर्माचे आवश्यक ज्ञान विचारणाऱ्यापासून लपविणाऱ्याविषयी कठोर इशारा आहे, हे खरे. परंतु पुस्तकातील मसला कुणाला सांगणे वेगळे आणि त्या पुस्तकाची संपूर्ण नक्कल करून शेकडो लोकांना वाटणे वेगळे. पहिल्याला कुणीही अडवीत नाही.

५. “संगीत तर नाजायज, मग त्याला मालक कसला?” ही सबब धार्मिक घरांत ऐकू येते, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. संगीत आणि वाद्ये यांविषयी विद्वानांत जो मतभेद आहे, त्याचा निवाडा या लेखात करावयाचा नाही. ज्याच्या मते ती गोष्ट नाजायज आहे, त्याने ती ऐकू नये. न ऐकण्याचे कारण पुढे करून फुकट ऐकणे हा युक्तिवाद नव्हे, मनाची फसवणूक आहे. आणि हीच माणसे जेव्हा एखाद्या नातख्वानाची किंवा कारीची विक्रीस ठेवलेली ध्वनिमुद्रणे त्याच रीतीने नकलून घेतात, तेव्हा ही सबबही उरत नाही.

कंपन्यांचेही माप तपासू

सूरह मुतफ्फिफीनचा तराजू केवळ गिऱ्हाइकासाठी नाही. संगीत उद्योगाने ‘चाचेगिरी’विरुद्ध लढा दिला, तेव्हा त्याचे स्वतःचे माप भरलेले होते काय?

ज्या मे २००० मध्ये चाहत्यांची ती यादी नॅपस्टरच्या कार्यालयात पोहोचली, त्याच महिन्यात अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने पाच बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांशी तडजोड केली. दुकानदारांनी सीडीची किंमत ठरावीक पातळीखाली जाहीर करू नये, यासाठी या कंपन्या जाहिरातीच्या अनुदानाचा दबाव वापरीत होत्या. त्यामुळे ग्राहकांना तीन वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत जास्त मोजावे लागले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता. घेताना माप काठोकाठ भरून घेणे म्हणतात ते याला.

सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने एकाच दिवशी २६१ सामान्य वापरकर्त्यांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी १२ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने २,००० डॉलर भरून तडजोड केली. पुढील पाच वर्षांत अशा कारवाया सुमारे ३५,००० लोकांवर झाल्या. मिनेसोटा राज्यातील एका महिलेवर २४ गाण्यांसाठी खटला चालला. त्याच सुमारास ही गाणी ९९ सेंटला एक याप्रमाणे मिळत होती, म्हणजे सगळी मिळून २४ डॉलरपेक्षाही कमी. २००९ मध्ये ज्यूरीने तिला दंड ठरविला तो १९ लाख २० हजार डॉलर, एका गाण्याला ८०,००० डॉलर! अपिलांनंतर तो २,२२,००० डॉलरवर कायम झाला. कुरआनने सूरह शूराच्या ४० व्या आयतीत वाईटाचा बदला तेवढ्याच प्रमाणात, असा नियम घालून दिला आणि क्षमा करून सुधारणा घडविणाऱ्याला अल्लाहकडून मोबदल्याचे आश्वासन दिले. २४ डॉलरचा हक्क आणि १९ लाखांचा दंड यांत हे प्रमाण कोठे दिसते?

२००५ मध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला. सोनी बीएमजी या कंपनीने नकला रोखण्यासाठी काही सीडींमध्ये अशी प्रणाली दडविली होती, जी ग्राहकाच्या नकळत त्याच्या संगणकात घुसून लपून राही आणि त्याची सुरक्षा कमकुवत करी. ही गोष्ट मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने जगापुढे आणली. या सीडी फुकट्यांनी नव्हे, पैसे मोजून विकत घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकांनी घेतलेल्या होत्या. आपला हक्क राखण्यासाठी दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरण्याची मुभा कुठलाही न्याय देत नाही.

शेवटी काय घडले? एप्रिल २००३ मध्ये ‘ॲपल’ने प्रत्येकी ९९ सेंटला गाणे विकण्यास आरंभ केला आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. २००८ मध्ये युरोपात ‘स्पॉटिफाय’ सुरू झाले. ध्वनिमुद्रणाचे जागतिक उत्पन्न १९९९ नंतर घसरत २०१४ पर्यंत सुमारे दोन पंचमांशाने कमी झाले होते. नंतर ते पुन्हा वाढू लागले. खटल्यांनी जे साधले नाही, ते वाजवी भाव आणि सोयीचा मार्ग यांनी बऱ्याच अंशी साधले. लोकांना सरळ माप मिळाले, तेव्हा अनेकांनी पैसे मोजले. गायकाच्या वाट्याला त्यातले किती येते, हा प्रश्न मात्र अजूनही सुटलेला नाही.

मुंबईतील एक जुना प्रश्न

हा प्रश्न आपल्या मुंबईला नवा नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून रॉयल्टी मिळावी, अशी मागणी केली. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे होते : गायकाला ठरलेले मानधन मिळाले की त्याचा हक्क संपला. या मतभेदापायी दोघांनी काही काळ एकत्र गाणे सोडले होते. रफींच्या भूमिकेत निर्लोभ वृत्ती होती, याविषयी दुमत नाही. पण स्वतःचा हक्क सोडणे ही उदारता आहे. दुसऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पुढे २०१२ मध्ये भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतांचे गीतकार व संगीतकार यांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातील वाटा सुरक्षित करण्यात आला. राज्यसभेचे तेव्हाचे सदस्य जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा सातत्याने पाठपुरावा केला होता. ज्याने शब्द लिहिला, त्याच्या घामाची किंमत कागदावर तरी आली.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपण सर्वांना सांगतो. बुखारीतील एका हदीसे कुदसीचा आशय असा की, कयामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध स्वतः अल्लाह वादी असेल, त्यांतील एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणारा. गीतकार, वादक, ध्वनिमुद्रक, पुस्तकाचा अनुवादक, अक्षरजुळणी करणारा हे सारे मजूरच आहेत. त्यांची मजुरी एकरकमी येत नाही, प्रत्येक विक्रीतून थोडीथोडी येते, एवढाच फरक.

घरासाठी काही कसोट्या

१. धन्याने स्वतः जे विनामूल्य ठेवले आहे, ते निःसंकोच घ्यावे. मात्र त्याने घातलेली अट पाळावी. मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधलेले असतात, असा हदीसचा आशय आहे.

२. विकत घेतलेल्या वस्तूची केवळ स्वतःच्या सोयीसाठी, मूळ प्रत खराब होईल या भीतीने नक्कल ठेवणे आणि ती लोकांना वाटणे यांत मोठा फरक आहे. पहिल्याला अनेक विद्वानांनी मुभा दिली आहे.

३. वर्गणीच्या सेवेचा परवलीचा शब्द कुटुंबाबाहेर वाटण्यापूर्वी करारात काय मान्य केले आहे, ते वाचावे.

४. मासिके आणि पुस्तके यांच्या पीडीएफ प्रती गटागटांतून पुढे पाठविताना थांबावे. ‘सवाब मिळेल’ या भावनेने पाठविलेली एक प्रत शंभर घरांत जाते आणि वर्गणीदार कमी झाल्याने तेच मासिक बंद पडते. सवाब हवा असेल तर चार गरजू घरांची वर्गणी भरावी.

५. ऐपत नसेल तर ग्रंथालयातून घ्यावे, उसने मागावे किंवा धन्याला विचारावे. अनेक लेखक आणि प्रकाशक विचारल्यावर आनंदाने परवानगी देतात.

६. मुलांना केवळ ‘पोलिस पकडतील’ अशी भीती घालू नये. ज्याचे गाणे तू ऐकलेस, त्याचाही एक चूलखंड आहे, हे त्यांना समजवावे.

तौबाचा मार्ग

ज्यांच्याकडे अशा नकला साठलेल्या आहेत, त्यांनी निराश होऊ नये. अल्लाहच्या हक्कातील चूक तो पश्चात्तापाने माफ करतो. माणसांच्या हक्कात मात्र तौबा पूर्ण होण्यासाठी तो हक्क पोहोचविणे किंवा माफ करून घेणे आवश्यक असते. म्हणून पुढे हे बंद करावे. जे विकत मिळते आणि परवडते, ते विकत घ्यावे. बाकीचे पुसून टाकावे. धनी सापडत नसेल, तर त्याच्या वतीने सदका करावा.

सहीह मुस्लिममध्ये दिवाळखोराविषयीची एक हदीस आहे. तिचा आशय असा की, कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणाचा माल खाल्ला असेल, कुणाला मारले असेल. त्याची पुण्ये त्या हक्कदारांना वाटली जातील. पुण्ये संपली आणि हिशेब उरला, तर त्यांचे गुनाह याच्या माथी येतील. त्या दिवशी देण्याघेण्याला डॉलर आणि रुपये नसतील. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, असे हजारो अनोळखी निर्माते आपापले छोटेसे देणे मागायला उभे राहतील आणि आपल्याजवळ चुकते करायला असतील फक्त आपल्या नमाजा.

अल्लाह आपल्याला घेतानाही आणि देतानाही माप सरळ ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.